अर्ध्या टनाचा टेम्पो : डिझेलचा हट्ट आता पुरे

भिवंडीतल्या आमच्या पेढीवर दर महिन्याला कोणी ना कोणी ओळखीचा व्यापारी एकच सवाल घेऊन येतो. अर्धा टन माल वाहील असा छोटा टेम्पो घ्यायचा आहे, कोणता घ्यावा? आणि सवाल पुरा होण्याआधी तो स्वतःच जबाबही देऊन टाकतो : "घेणार तर डिझेलच. मालाची गाडी म्हटल्यावर डिझेलच पाहिजे." या एका समजुतीने गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या लाइनीतल्या कितीतरी लहान व्यापाऱ्यांचे भांडवल अडकवले आहे. त्यात आम्हीही होतो, म्हणून लिहीत आहोत.

डिझेलची इज्जत फुकटची नव्हती, हे आधी कबूल केले पाहिजे. आमच्या लहानपणी कापडाचे ताके हातगाडीवरून जात. मग बजाज टेम्पो कंपनीची तीन चाकी गाडी आली आणि ती इतकी रुजली की तिचे नावच सगळ्या छोट्या मालगाड्यांना चिकटले. कंपनीने २००५ साली आपले नाव बदलले, पण आपण अजून टेम्पोच म्हणतो. त्याच २००५ च्या मे महिन्यात टाटांची 'एस' आली. चार चाके, ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, ताकद अवघी १६ अश्वशक्ती आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी तिला 'छोटा हाथी' म्हटले. त्या इंजिनात बिघडण्यासारखे फारसे नव्हतेच. वंजारपट्टी नाक्यावरचा कोणताही मिस्त्री पाना घेऊन ते दुपारपर्यंत चालू करून देई. आमचा पहिला छोटा हाथी अकरा वर्षे चालला. डिझेलवरचा आमचा भरवसा तिथे तयार झाला.

पण १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि छोट्या डिझेल इंजिनाचा स्वभावच पालटला. जुने साधे इंजिन त्या नियमात बसत नव्हते. बसवायचे तर धूर साफ करणारी महागडी यंत्रणा जोडावी लागे, आणि तिचा खर्च मोठ्या ट्रकला परवडला तरी चार-पाच लाखांच्या गाडीला जड जातो. मारुतीने तर सगळीच डिझेल इंजिने बंद केली. त्यांची 'सुपर कॅरी' २०१६ मध्ये ७९३ सीसीच्या डिझेल इंजिनासह आली होती, ती आता पेट्रोल आणि सीएनजीवरच मिळते. टाटांनी जून २०२५ मध्ये ३ लाख ९९ हजारांपासून 'एस प्रो' आणली ती पेट्रोल, पेट्रोल-सीएनजी आणि वीज अशा तीन तऱ्हांत. ज्या घराण्याने आपल्याला छोटे डिझेल दिले त्यानेच आपल्या सर्वांत स्वस्त गाडीत डिझेल ठेवले नाही, याचा अर्थ व्यापाऱ्याने समजून घ्यावा. त्याच वर्षी त्यांनी डिझेलची नवी 'एस गोल्ड प्लस'ही काढली. म्हणजे डिझेल मेलेले नाही. फक्त ते आता सर्वांसाठी राहिलेले नाही.

आमची फजिती सांगतो. २०२१ मध्ये आम्ही एका नामवंत कंपनीची डिझेल पिकअप घेतली. काम काय, तर कल्याण रोडच्या सायझिंगमधून भरलेले बीम उचलायचे, शांतीनगरच्या कारखान्यांत टाकायचे, तिथून कोरे कापड उचलून गोदामात आणायचे. तीन किलोमीटर जा, अर्धा तास उभे राहा, पुन्हा दोन किलोमीटर. गल्ल्या अशा की तिसऱ्या गिअरची गाठ क्वचितच पडते. सात-आठ महिन्यांनी समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागू लागला. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, दिवा लागतो, पण गाडी चालते आहे." आम्ही म्हटले, चालते आहे ना, मग चालू दे. २०२२ च्या जुलैत, ऐन पावसात, चार बीम लादलेले असताना गाडीने मान टाकली. इंजिन चालू होते, पण ताकद नाही. बैलाने जू खाली ठेवावे तसे.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने बॉनेट उघडले, पाहिले आणि बंद केले. म्हणाला, "चाचा, हिला पाना नको, लॅपटॉप पाहिजे." कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी तीन दिवस नंबर लावून उभी राहिली. दोष काय निघाला? काहीच नाही. डिझेलच्या धुरातली काजळी अडवण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेत एक जाळी बसवलेली असते. ती भरत आली की गाडी स्वतःच तिला तापवून काजळी जाळून टाकते. त्यासाठी पाचशे-सहाशे अंशांची उष्णता लागते, आणि ती मिळायला गाडी काही वेळ सलग वेगात धावली पाहिजे. आमची गाडी धावतच नव्हती, रांगत होती. जाळी तुंबली आणि इंजिनाने स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी केली. यंत्राचे काही चुकले नव्हते, निवड आमची चुकली होती.

वर्कशॉपचे बिल आम्ही विसरलो. विसरलो नाही ते दुसरेच. बीम न पोचल्याने त्या कारखान्यातले सोळा लूम दोन दिवस बंद राहिले. विणकराला आपल्याकडे मीटरवर मजुरी मिळते. लूम बंद तर मजुरी बंद. एक वयस्कर कारागीर आम्हाला एवढेच म्हणाला, "शेठ, गाडी तुमची बिघडली, रोजी आमची गेली." त्या दिवसापासून आम्ही गाडीचा हिशेब लिटरमागे किती किलोमीटर यावर करणे सोडून दिले. वर्षातून किती दिवस उभी राहिली, हे आधी विचारतो.

तीच गाडी आम्ही २०२४ मध्ये एका भाजीच्या व्यापाऱ्याला विकली. तो रोज रात्री नाशिकहून वाशीला माल आणतो. हमरस्त्यावर शंभर-दीडशे किलोमीटर सलग धाव, कसाऱ्याच्या घाटात डिझेलचा जोर कामी येतो. तो सांगतो, पिवळा दिवा कसला असतो तेच त्याला ठाऊक नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की इंजिन मालावरून निवडू नका, अंतरावरून निवडा. अर्धा टन माल ओढायला आजचे कोणतेही इंजिन पुरे पडते. रोजची धाव किती आणि ती सलग आहे की तुटक, यावरच सारे ठरते.

मालाबद्दलही एक गोष्ट बोलून टाकू, कारण तिथे आपण स्वतःलाच फसवतो. कापड आणि सूत हा ठोस माल आहे. शंभर मीटरच्या साध्या कोऱ्या कापडाचा ताका दहा-बारा किलोचा धरला तर चाळीस-पंचेचाळीस ताक्यांत अर्धा टन पुरा होतो, आणि हौदा तर अर्धाही भरलेला दिसत नाही. सुताच्या नंबरप्रमाणे चार-पाच भरलेले बीम म्हणजे अर्धा टन. मग हौदा रिकामा दिसतो म्हणून आपण आणखी वीस ताके फेकतो आणि वर्षभराने पाटे बसले, क्लच गेला म्हणून कंपनीला शिव्या देतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. आणि इंजिनाप्रमाणे भारही बदलतो : सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो उचलते, सीएनजीची ६२५, कारण टाकीचे वजन भारातून वजा होते. टाटांची मे २०२२ मध्ये आलेली पहिली विजेची 'एस' ६०० किलोची आहे. कागदावरचा हा आकडा विक्रेत्याकडून आधी पाहून घ्यावा.

आता पैशाचा हिशेब. आमच्या वहीप्रमाणे गावातल्या गावात आमची गाडी दिवसाला ४५ किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस चालते, म्हणजे सव्वाअकराशे किलोमीटर. २०२५ मध्ये आमच्या भागात पेट्रोल शंभराच्या थोडे वर, डिझेल नव्वदच्या आसपास आणि सीएनजी किलोला ऐंशीच्या आसपास होता. लादलेल्या गाडीला आम्हाला पेट्रोलवर १४, डिझेलवर १८ आणि सीएनजीच्या किलोला १८ किलोमीटर पडले. म्हणजे महिन्याला पेट्रोल आठ हजारांच्या वर, डिझेल साडेपाच हजार, सीएनजी पाच हजार. डिझेल आणि सीएनजीत फरक केवळ पाच-सहाशे रुपयांचा. एवढ्यासाठी डिझेलची जादा किंमत आणि ती जाळी पदरात घ्यायची का? ज्याची धाव दिवसाला पंधरा-वीस किलोमीटरच आहे, त्याने तर साधे पेट्रोल घ्यावे. महिन्याला हजार-बाराशे जादा जातील, पण रांगेत उभे राहणे नाही.

सीएनजीची ही रांग मोठी भानगड आहे. सकाळी दहाला पंपावर गेलेला ड्रायव्हर साडेअकराला येतो, आणि तेवढ्यात सायझिंगवाला आपला बीम बाजूला सारून दुसऱ्याचा भरतो. आम्ही गाडी रात्री जेवणानंतर भरून घेतो. भावाचाही भरवसा नाही : एप्रिल २०२२ मध्ये राज्य सरकारने कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला तेव्हा मुंबईत सीएनजी ६० रुपये किलो झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ८९ रुपये ५० पैसे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य वाहिनीला इजा होऊन मुंबई-ठाणे परिसरात पंप कोरडे पडले, तेव्हा ज्यांच्या गाडीत पेट्रोलची टाकीही होती तेच माल पोचवू शकले. म्हणून दोन्ही इंधनांवर चालणारी गाडी घ्या, आणि पेट्रोलची टाकी, पाच लिटरची का असेना, कधी रिकामी ठेवू नका. किट कंपनीचेच असावे. आपण कापूस आणि कापड वाहतो, बाजारात बसवलेल्या स्वस्त नळीवर विसंबू नये. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, ती तारीख डायरीत लिहून ठेवावी.

विजेच्या गाडीची आम्ही वर्षभर थट्टा केली, आता करत नाही. गावातल्या तुटक धावेला ती सर्वांत योग्य आहे. थांबली की काही जळत नाही, क्लच नाही, जाळी नाही. कंपनी दीडशे किलोमीटर सांगते. लादलेल्या गाडीचे त्याहून बरेच कमी धरले तरी आमच्या ४५ ला पुरून उरते. अडचण एकच, चार्जिंगची जागा आणि मीटर स्वतःचे पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर क्षेत्रात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर बंदी घालता येईल का हे तपासायला समिती नेमली, आणि भिवंडी त्याच क्षेत्रात येते. दहा वर्षांच्या हिशेबाने गाडी घेणाऱ्याने हे कानाआड करू नये.

आमच्यापैकी पुष्कळांना व्याजाच्या कर्जावर गाडी घ्यायची नसते. ते रोख मोजतात. त्यांच्यासाठी डिझेलवर गेलेले जादा पैसे म्हणजे सुतात न लागलेले पैसे, म्हणून हा विचार त्यांनी दुप्पट करावा. ते बहुधा जुनी गाडी घेतात. बीएस-६ डिझेल जुनी घेताना ती आधी कुठे चालली हे विचारा : हमरस्त्यावरची असेल तर दोन लाख किलोमीटर झालेलीही चालेल, बाजारात रांगलेली असेल तर चाळीस हजारांचीही नको. नवी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की छोट्या मालगाडीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, आणि प्रवासी मोटारीवर मिळत नाही ते कराचे क्रेडिट मालगाडीवर मिळते. बिल पेढीच्या जीएसटी नंबरावरच करा. भारासह ३ हजार किलोच्या आतल्या गाडीला परमिटची गरज नाही.

कोणत्या कंपनीची, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही. आपल्या गोदामापासून पाच किलोमीटरच्या आत जिचे सुटे भाग मिळतात आणि जिची दुरुस्ती जाणणारे दोन तरी मिस्त्री आहेत, ती घ्यावी. विक्रेत्याला विचारू नका, नाक्यावर उभ्या ड्रायव्हरांना चहा पाजून विचारा.

आमच्याकडे सध्या पेट्रोल-सीएनजीवाली गाडी आहे. दीड वर्षात ती चार दिवस उभी राहिली, त्यातले दोन पंक्चर आणि पासिंगचे. दुसरी विजेची घेण्याचे मनात आहे, पण गोदाम भाड्याचे, आणि मालक मीटर जोडू देत नाही. त्याच्याशी बोलणे चालू आहे.