बाग बघू नका, रात्रीची ड्यूटी विचारा

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते गल्लीतलं, डॉक्टरांच्या आडनावाची पाटी असलेलं दहा-पंधरा खाटांचं हॉस्पिटल. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्या, परावलंबी माणसांनी राहायची जागा. आपल्याकडे त्याला धड शब्दही नाही. 'वृद्धाश्रम' म्हटलं की लगेच 'पोरांनी आईबापाला टाकलं' हा सिनेमा सुरू होतो. आणि या सिनेमाच्या नादात खरा प्रश्न राहूनच जातो: तिथे काळजी नेमकी कशी घेतली जाते?

मंडळी, आपल्या पिढीला हा प्रश्न काही चुकत नाही. घरात एक नाहीतर दोन मुलं, त्यातलं एक बंगलोरला नाहीतर बे एरियात, आणि आईबाबा पंच्याहत्तरीच्या पुढे. डिमेन्शिया झाला, खुब्याचं हाड मोडलं की ब्युरोकडून एक मावशी आणून भागत नाही. मग आपण जागा शोधायला निघतो. आणि बघतो काय? बाग, देऊळ, लायब्ररी, वेबसाइटवरचे हसरे फोटो. म्हणजे रंगीत स्क्रीन बघून सॉफ्टवेअर घ्यायचं आणि लोड किती झेपतो ते विचारायचंच नाही!

माझ्या एका मित्राने वडिलांना पुण्याजवळच्या अशाच एका जागी ठेवलं होतं. परिसर सुरेख, जेवण चांगलं, माणसंही वाईट नव्हती. महिन्याभरात काकांच्या पाठीला बेडसोर झाला आणि तो हाडापर्यंत गेला. रात्री अठ्ठावीस जणांमागे दोन मावशी होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि जड माणूस असेल तर त्याला दोघी लागतात. त्या दोघी एका खोलीत गेल्या की बाकीचा मजला रामभरोसे. आता यात मावशींना शिव्या घालून काय उपयोग? हा सरळ कपॅसिटीचा हिशोब आहे.

अमेरिकेने हा धडा आपल्या आधी गिरवलाय, म्हणून तिकडे बघण्यात अर्थ आहे. तिथे 1987 मध्ये नर्सिंग होम सुधारणेचा कायदा झाला. मदतनीसांना किमान 75 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, न कळवता तपासणी सुरू झाली, आणि उपचारासाठी गरज नसताना माणसाला बांधून ठेवायला किंवा गुंगीच्या औषधांनी गप्प करायला बंदी आली. त्याआधी शंभरातल्या साधारण चाळीस जणांना खुर्चीला किंवा पलंगाला बांधलं जायचं. ते प्रमाण आता अगदी किरकोळ आहे. म्हणजे कायद्याने फरक पडतो, हे पहिलं.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्याच्या जास्त जवळची आहे. 2008 च्या डिसेंबरात तिथल्या सरकारने नर्सिंग होम्सना एक ते पाच स्टार द्यायला सुरुवात केली. पण कर्मचारी किती, हा आकडा होम्सच कळवायची. आता गंमत बघा, स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा म्हटल्यावर मार्क चांगलेच पडणार! 2016 पासून पगाराच्या नोंदींवरून आकडे घेणं सुरू झालं, 2018 मध्ये स्टार त्यावरून ठरायला लागले, आणि बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवारी माणसं किती कमी असतात ते उघड्यावर आलं. थोडक्यात काय, तर मोजायचं असेल तर जे लपवता येत नाही ते मोजा.

2024 मध्ये त्यांनी किमान आकडाही ठरवला: प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला 3.48 तासांची शुश्रूषा. होम चालवणाऱ्यांनी कोर्ट गाठलं आणि 2025 मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो नियम रद्द केला. असो. पण आकडा हिशोबाला कामाचा आहे. 30 रहिवासी असतील तर दिवसाला 104 तास, म्हणजे बारा तासांच्या ड्यूटीने दिवस-रात्र मिळून जवळपास नऊ माणसं. स्वयंपाकी, माळी आणि वॉचमन सोडून!

आपल्याकडे काय आहे? 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. वृद्धाश्रमांचे निकष राज्य सरकारने ठरवावेत अशी मुभा त्यात आहे, सक्ती नाही. खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान निकष आणणारं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण पास न होताच 2024 मध्ये लोकसभेबरोबर तेही बरखास्त झालं. त्यावरून कुठे मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

कुणी म्हणेल, माणसं वाढवली की फी वाढणार. वाढणारच. पण स्वस्तातल्या जागेची उरलेली किंमत कुणाच्या तरी पाठीवर वसूल होत असते, हेही धरा की हिशोबात.

आणि कुणी म्हणेल, नुसत्या आकड्यांनी आयुष्य चांगलं होतं का? नाही होत. आपल्या उमरखेडजवळच्या उटी गावाशी नाळ असलेल्या डॉ. अतुल गावंडे यांनी 'बीइंग मॉर्टल' (2014) मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका नर्सिंग होमबद्दल लिहिलंय. तिथे 1991 मध्ये बिल थॉमस या डॉक्टरने कुत्री, मांजरं आणि शंभर पक्षी आणले. सांभाळायला काहीतरी मिळाल्यावर माणसं बोलायला-फिरायला लागली, औषधं कमी झाली. हे हवंच. पण ज्याची कूस वेळेवर बदलली जात नाही, त्याला पोपटाचं काय कौतुक?

तर जागा बघायला जाल तेव्हा चार गोष्टी विचारा. रात्री किती जण असतात आणि त्यातलं नर्सिंग शिकलेलं कोण? मावशी सरासरी किती महिने टिकतात? गेल्या सहा महिन्यांत किती जण पडले, किती जणांना बेडसोर झाले, आणि त्याची वही आहे का? झोपेची गोळी कोण लिहून देतं? वही दाखवणारी जागा, वहीत दोन पडझडी लिहिलेल्या असल्या तरी, 'आमच्याकडे असं काही होतच नाही' म्हणणाऱ्या जागेपेक्षा बरी.

आणि एकदा तरी रविवारी दुपारी न जाता रात्री दहानंतर जा. आत सोडत नसतील, तर तेही उत्तरच आहे.