संस्थेचे दप्तर दुसऱ्याच्या ओसरीवर

पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरात झाले. त्याच्या साठ वर्षे आधी याच शहरात कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत होते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात ते फासावर गेले. पत्र आणि व्यासपीठ आपले असावे, हे सोलापूरला कोणी शिकवायला नको.

आज आपल्या संस्थांचा कारभार कुठे चालतो? व्हॉट्सअ‍ॅपवर. शिष्यवृत्तीचे अर्ज, बैठकांची इतिवृत्ते, मदत घेणाऱ्या विधवांची नावे, सारे एका ग्रुपात. अ‍ॅडमिनचा फोन हरवला की संस्थेचे दप्तर हरवले. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने नवे गोपनीयता धोरण पुढे केले, तेव्हा आपण चार दिवस चिडलो आणि गप्प बसलो.

‘स्वतःचा सर्व्हर आपल्याला जमणार नाही,’ हे उत्तर आता पुरे. मॅट्रिक्स ही खुली पद्धत आहे. भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर सिनॅप्स बसवायचे आणि लोकांना ब्राउझरमधून येता यावे म्हणून एलिमेंटचे वेब पोर्टल ठेवायचे. पोर्टल म्हणजे साध्या फायलींचा संच. त्यातल्या एका कॉन्फिग फाइलमध्ये आपल्या सर्व्हरचा पत्ता लिहायचा. सुरक्षेचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट फुकट देते. मोहल्ल्यातली इंजिनीअर पोरे हे करू शकतात.

अवघड आहे ती शिस्त. सर्व्हरचे नाव एकदा ठरले की बदलता येत नाही, म्हणून ते अध्यक्षाच्या नव्हे, संस्थेच्या डोमेनवर हवे. पोर्टल आणि सर्व्हर वेगवेगळ्या डोमेनवर ठेवावेत. खुली नोंदणी बंद ठेवावी. डेटाबेस, फायली आणि सर्व्हरची सही-किल्ली यांची प्रत दुसरीकडे हवी. सभासदाने आपली रिकव्हरी-की हरवली, तर जुने कूटबद्ध निरोप त्यालाही कदाचित वाचता येणार नाहीत. हे आधी सांगा, नंतर नाही.

‘मुसलमानांनी असे काही केले तर संशय येईल,’ ही भीती खोटी नाही. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने चौदा मेसेजिंग अ‍ॅप बंद केल्याची बातमी आली, त्यांत एलिमेंटही होते. पण याच मॅट्रिक्सवर फ्रान्सचे सरकार २०१९ पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘त्चाप’ चालवते आणि जर्मन सैन्याचा मेसेंजरही त्यावरच उभा आहे. म्हणून हे काम लपूनछपून करू नका. वकिलाचा सल्ला घ्या, कार्यकारिणीत ठराव करा, जबाबदार माणसाचे नाव आणि खर्च इतिवृत्तात लिहा. स्वतःचा सर्व्हर म्हणजे कायद्यातून सुटका नव्हे, उलट जबाबदारी वाढते.

वक्फच्या जमिनीचे कागद सांभाळले नाहीत, त्याची किंमत आपण मोजतोच आहोत. सर्व्हर सांभाळणारा हाही मुतवल्लीच. त्याच्याकडे जाते ती लोकांची अमानत. ती परक्या कंपनीच्या ओसरीवर टाकून ‘आमचा डेटा, आमचा हक्क’ अशी भाषणे देणे आता थांबवा. पुढच्या बैठकीत एकच विषय घ्या: दप्तर घरी कधी आणायचे?