व्यक्तिगत पाठ आणि सामाजिक परिसर

प्राथमिक शाळेतील मुलाच्या हाती दिले जाणारे छापील कार्ड हा साहित्याच्या अभ्यासकाने विचारात घ्यावा असा लेखनप्रकार आहे, असे आपल्या विद्यापीठांतून सहसा कोणी मानीत नाही. चार-पाच वाक्ये, एखादे चित्र आणि त्याखाली करावयाची कृती, एवढाच त्याचा विस्तार. परंतु कर्नाटकातील सरकारी शाळांत गेल्या दीड दशकात शिकलेल्या मुलांच्या एका पिढीने वाचलेले पहिले गद्य बव्हंशी याच स्वरूपाचे आहे. म्हणून त्याची चर्चा केवळ शिक्षणशास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे होणे बरे नव्हे.

या पद्धतीचे नाव ‘नलि-कलि’. मराठी कानाला त्यात उगाच ‘कळी’ ऐकू येते. वस्तुतः कन्नडात ‘नलि’ म्हणजे आनंदाने डोलणे आणि ‘कलि’ म्हणजे शिकणे. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतून चाललेला प्रयोग पाहून आलेल्या शिक्षकांनी १९९५ च्या सुमारास मैसूर जिल्ह्याच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात तिचा आरंभ केला आणि २००९ पासून ती राज्यभर नेण्यात आली. अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे पाडून ते एका शिडीवर क्रमाने मांडलेले असतात. प्रत्येक पायरीला एक कार्ड व एक चिन्ह असते. मूल आपली पायरी स्वतः शोधते, कार्ड उचलते आणि कार्डाच्या स्वरूपाप्रमाणे शिक्षकापाशी, सोबत्यांच्या गटात किंवा एकटे बसते. आठवडाभर घरी राहिलेले मूल परत आले की जेथे थांबले होते तेथूनच पुढे जाते. पहिली ते तिसरीची मुले एकाच खोलीत बसतात. मागे पडलेले मूल ही कल्पनाच या मांडणीत जवळजवळ उरत नाही. ज्या देशात एकशिक्षकी शाळा अजून हजारोंनी आहेत, त्या देशात हे यश लहान मानू नये.

तथापि अक्षर, अंक आणि परिसर या तिन्ही विषयांना एकच शिडी सारखीच मानवते काय, हा प्रश्न राहतोच. वजाबाकी हेग्गडदेवनकोट्यात आणि शेजारच्या नंजनगूड तालुक्यात एकच असते. नदी मात्र एक नसते. कपिला, म्हणजेच कबिनी, दोन्ही तालुक्यांतून वाहते. वरच्या तालुक्यातील मुलाला ती धरण म्हणून ठाऊक आहे. त्या धरणासाठी १९७० च्या दशकात ज्यांची गावे गेली त्यांची नातवंडे त्याच्या वर्गात असू शकतात. नंजनगूडच्या मुलाला तीच नदी स्नानघाट म्हणून, रसबाळे केळीच्या बागेचे पाणी म्हणून, आणि वर धरणाचे दरवाजे उघडले की घाट गिळणारा पूर म्हणून ठाऊक आहे. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत हे त्याने डोळ्यांनी पाहिले. आता संपूर्ण राज्यासाठी एकच कार्ड छापावयाचे ठरले, तर त्यावर ‘नदी आपल्याला पाणी देते’ यापलीकडे फारसे काही लिहिता येणार नाही. वाक्य खोटे नाही, परंतु ते कोणत्याच नदीविषयीचे नाही.

येथे पद्धतीच्या जन्मकथेतील एक बाब विसरता कामा नये. हेग्गडदेवनकोट्यातील मूळ कार्डे शिक्षकांनी स्वतः बसून तयार केली होती. लिहिणारा आणि शिकविणारा एकच होता. विस्तार झाला तेव्हा शिडी राहिली, कार्डेही राहिली, पण हा संबंध सुटला. मग उरते ते पाठ्यपुस्तकच, फक्त कापून तुकडे केलेले. मूल आपल्या गतीने चालते हे खरे, पण चालावयाची वाट दुसऱ्याच गावची असते.

नंजनगूडला वाटेचा तोटा नाही. गावाच्या नावातच एक पाठ आहे: ‘नंजु’ म्हणजे विष, नंजुंड म्हणजे विष प्यालेला, आपल्याकडील नीलकंठ. टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे येथील देवाच्या कृपेने बरे झाले, म्हणून सुलतानाने पाचूचे लिंग अर्पण केले आणि देवाला हकीम नंजुंड म्हटले, अशी आख्यायिका आहे. इतिहास कोठे संपतो आणि आख्यायिका कोठे सुरू होते, हे आठ वर्षांच्या मुलाला विचारावयास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. कपिलेवर १७३५ मध्ये बांधलेला पूल आहे. पुढे त्याच्यावरून आगगाडीही गेली. तो पावलांनी मोजावा, कमानी मोजाव्यात, आजीला विचारून तिच्या लहानपणी त्याच्यावरून काय काय जात असे ते लिहावे. अशा कृतींची शंभर कार्डे एका तालुक्यात सहज निघतील.

एवढ्यावर थांबता आले असते तर ‘स्थानिक’ हा शब्द उच्चारून आपण समाधान पावलो असतो. परंतु याच तालुक्यात बदनवाळु आहे. तेथील खादी केंद्राला १९२७ मध्ये गांधीजींनी भेट दिली होती. याच गावात मंदिरप्रवेशाच्या वादातून १९९३ मध्ये तीन दलितांचे खून झाले. पुढे २०१५ मध्ये रंगकर्मी प्रसन्न यांनी हातमालाच्या व साध्या जीवनाच्या पुरस्कारासाठी सत्याग्रह केला तोही येथेच. आता प्रश्न असा की बदनवाळुचे कार्ड कोणी लिहावे, आणि त्यावर काय असावे? राजधानीत छापलेल्या कार्डावर हे गाव येणारच नाही. गावातच लिहिलेल्या कार्डावर बहुधा चरखा येईल आणि १९९३ गळेल. ‘स्थानिक’ म्हणजे पुष्कळदा स्थानिक बलवंतांचे, हे दलित आत्मकथनांच्या वाचकाला निराळे सांगावयास नको. शाळेत कोणी कोठे बसावे याचा पाठ त्या लेखकांना कोणत्याही पुस्तकाआधी मिळाला होता.

आणि समजा, दोन्ही गोष्टी लिहिल्या, तरी ते कार्ड एका मुलाने कोपऱ्यात बसून एकट्याने पुरे करावयाचे काय? माझ्या मते व्यक्तिगत पाठाची मर्यादा नेमकी येथे आहे. समाज हा विषय शिकताना दुसरे मूल हे केवळ साहाय्यक नसते, ते विषयाचाच भाग असते. ज्याच्या आजोबांना देवळात जाता येत होते आणि ज्याच्या आजोबांना येत नव्हते, अशी दोन मुले एका चटईवर बसून एकमेकांना प्रश्न विचारतील तेव्हाच तो पाठ घडेल. त्याला वेळ लागेल, गोंधळ होईल, शिक्षकाला धैर्य लागेल. आठ वर्षांच्या मुलापुढे खुनाची कथा ठेवावी असे मी म्हणत नाही. विहीर कोणाची, घाट कोणाचा, रथाचा दोर कोण धरतो, हे प्रश्न मात्र त्या वयाचेच आहेत.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. बेळगाव-खानापूरकडील मराठी शाळांतून ‘नलीकली’ हा शब्द आज रुळला आहे. तेथील मुलाच्या परिसराची कल्पना कन्नडातून अनुवादाने येते, आणि अनुवादात प्रथम हरवते ती बोली आणि स्थळ. महाराष्ट्रात तिसरीचे भूगोलाचे पुस्तक जिल्हावार काढण्याची चांगली प्रथा पडली. परंतु जिल्हा हासुद्धा मुलाच्या पायांना फार मोठा प्रदेश आहे. त्यापेक्षा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर केले ते मला अधिक मोलाचे वाटते. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यावी, असा तो विचार होता. तेथे परिसर हा कार्डावर आणावयाचा नव्हता, पायाखालीच होता.

व्यवहारात करता येण्याजोगे फार नाही, पण थोडे आहे. परिसर अभ्यासाच्या शिडीवरील काही पायऱ्या छापताना कोऱ्या सोडाव्यात. त्या तालुक्यातील शिक्षकांनी, एकाच गोष्टीची किमान दोन कथने घेऊन, भराव्यात, आणि त्या पायऱ्या एकट्याने चढता येऊ नयेत असा नियम असावा. मैसूरला १९६९ पासून भारतीय भाषा संस्था आहे, विद्यापीठ आहे. लोककथांचे संकलन दोन्हीकडे मुबलक. त्यातील नंजनगूडचा भाग नंजनगूडच्या शिक्षकांच्या हाती परत गेला तर त्यांना आरंभ करावयास पुष्कळ आहे. कार्डाच्या तळाशी लिहिणाऱ्या शिक्षकाचे नाव, गाव व वर्ष छापावे, म्हणजे पुढील वर्षी आलेल्या शिक्षकाला ते खोडून नवे लिहिण्याचा अधिकार आहे हे कळेल.