कापसाबरोबर कामही गेले

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने एक स्पर्धा जाहीर केली होती. बक्षीस होते एक लाख रुपयांचे, तेही त्या काळातले लाख! अटी मोठ्या मजेदार होत्या. चरखा खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालला पाहिजे. बाईमाणसाला आठ तास चालवून फार शीण येता कामा नये. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० यार्ड सूत निघाले पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या वर नको, यंत्र वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये. किर्लोस्करवाडीचाही एक चरखा या परीक्षेला बसला होता. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही.

गांधीजी यंत्राचे वैरी होते, हे वाक्य ज्यांनी शाळेत घोकले, त्यांनी या अटी एकदा निवांत वाचाव्यात. वैऱ्याला कोणी लाखाचे इनाम लावून घरी बोलावत नाही. हल्ली आमच्या वर्ध्यातल्या महाविद्यालयांतूनही ‘स्टार्टअप’च्या स्पर्धा होतात. तिथे बाजारपेठ केवढी, गुंतवणूकदार कोण, पाच वर्षांत धंदा कितीपट वाढेल, हे सगळे विचारतात. पण यंत्र बिघडले तर ते गावात कोण दुरुस्त करील, हा प्रश्न अशा एकाही स्पर्धेच्या पत्रकात माझ्या पाहण्यात आलेला नाही.

हा प्रश्न विचारणारी माणसे याच गावात राहत होती. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचा संसार थाटला गेला, आणि कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, मुंबईत हिशेबतपासनीसाचा जम बसवलेले जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. हातकागद, चुली, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ असे उद्योग तिथे चालत. झवेरभाई पटेलांनी बैलघाण्यात सुधारणा केल्या आणि तो ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर ओळखला गेला. संशोधन म्हणतात ते हेच. फक्त ते तेल्याच्या कामाचे होते, म्हणून आपण त्याला संशोधन म्हणत नाही!

पुढे काय झाले ते आपण पाहिलेच. एक्सपेलर आले, रिफाइंड तेलाचे डबे आले आणि गावोगावचे घाणे थांबले. आता पुण्या-मुंबईत ‘लाकडी घाण्याचे तेल’ दुप्पट भावाने विकले जाते. बैलाच्या जागी विजेची मोटर आली, आणि याला माझी मुळीच तक्रार नाही, बैलालाही नसावी. तक्रार आहे ती एवढीच, की या नव्या घाण्यांच्या बाजारात घाणीला नाव देणाऱ्या वर्ध्याची आठवण कोणाला नाही. शेंगदाणा इकडचा की तिकडचा, हे तर बाटलीवर छापतही नाहीत.

तेलाचे झाले तेच कापसाचे. किंबहुना कापसाचे आधी झाले. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे गावाचे नाव राहिले नव्हते, लिव्हरपूलच्या बाजारात ते कापसाच्या जातीचे नाव होते. १८६७ साली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली ती मुख्यतः या गाठी बंदरावर नेण्यासाठी. १८८१ मध्ये हिंगणघाटला गिरणी निघाली. नागपूरची एम्प्रेस मिल त्याआधीच, १८७७ मध्ये सुरू झाली होती. आज एम्प्रेसच्या जागेवर मॉल उभा आहे. जिल्ह्यात जिनिंग चालते, सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि ट्रक निघून जातात. पुढचे सूत, कापड, शिलाई यांतले बरेचसे दुसऱ्या मुलखात. ज्या टप्प्यावर खरी मजुरी आणि नफा सुरू होतो, त्याच्या अलीकडे आपली हद्द संपते.

सोव्हिएत काळातल्या उझबेकिस्तानची कथा याहून फार वेगळी नाही. तिथे कापूस पिकवायचा आणि तो रशियातल्या इव्हानोव्होसारख्या शहरांतल्या गिरण्यांना पाठवायचा. त्या कापसापायी अरल समुद्र आटला. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी सरकारी कोटा सुटला नाही. वेचणीला शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना शेतात हाकलणेही चालूच राहिले. कोटा रद्द झाला तो २०२० मध्ये, आणि सक्तीची वेचणी थांबल्यामुळे २०२२ मध्ये तिथल्या कापसावरचा आंतरराष्ट्रीय बहिष्कार उठला. आता रुई बाहेर न धाडता देशातच सूत आणि कपडे करण्यावर त्यांचा भर आहे. ताश्कंदमध्ये २०१९ पासून आयटी पार्कही आहे. पण गंमत अशी, की शेतकरी आता सरकारऐवजी ‘क्लस्टर’ नावाच्या कंपनीशी बांधला गेला, आणि करार व भाव ठरवताना तिचेच पारडे जड असल्याच्या तक्रारी आहेत. दावे सुटले नाही, खुंटा बदलला.

म्हणूनच सौर चरख्याकडे मी आशेने पाहतो आणि जरा संशयानेही. २०१८ मध्ये केंद्राने ५० क्लस्टरांसाठी ५५० कोटींची सौर चरखा योजना जाहीर केली. मगनवाडीतल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेनेही अशा चरख्यावर काम केले आहे. त्यावरचे सूत खादी म्हणायचे की नाही, यावर आमच्याकडे कडाक्याचे वाद झडतात. १९५६ च्या कायद्याप्रमाणे खादीचे सूत हाताने कातलेले हवे. मग सौर सुताला दुसरे नाव द्या, हातकताईचे नाव तिच्यापाशी राहू द्या! नावावरून इतके भांडणारे आम्ही, चरख्याचा मालक कोण हे विचारत नाही. कातणारी बाई मालक आहे, की संस्थेने दिलेल्या यंत्रावर ती नगावर राबते आहे? कंट्रोलर जळाला तर दुरुस्तीला कोणत्या शहरात पाठवायचा, आणि तेवढे दिवस तिच्या रोजीचे काय?

आमच्या ओळखीचा एक मुलगा अभियांत्रिकी करून हिंजवडीला गेला. समृद्धी महामार्गाचे त्याला भारी कौतुक. ‘काका, आता गावाला यायला सोपे झाले,’ म्हणाला. यायला सोपे झाले, जायलाही झाले. राहायला सोपे झाले का, हे विचारल्यावर तो हसला. आयटीआय झालेली त्याच्यासारखी कितीतरी मुले देवळी-आर्वीकडे मोबाइलच्या दुकानात सुटे भाग बदलत बसली आहेत. चरख्याचा कंट्रोलर ती सहज दुरुस्त करतील, पण ती कला शिकवून तिचा पैसा देणारे कोणी नाही.

जिल्हा उद्योग केंद्राने कर्जाच्या अर्जात १९२९ च्या त्या अटींपैकी दोनच रकाने वाढवावेत. यंत्र जिल्ह्यात दुरुस्त होईल का, आणि वर्षाला दुरुस्तीचा खर्च किती. तिसरा रकाना माझ्यातर्फे: तीन वर्षांनी यंत्र कोणाच्या नावावर असेल. यासाठी ना नवा कायदा लागतो, ना ५५० कोटी.