जोर लावू नका

नारळी पौर्णिमेच्या आधी शापोऱ्याच्या काठावर एक वेगळीच लगबग असते. कोणी जाळ्याचे डोळे सांधतो, कोणी होडीला रंग काढतो. इंजिनाकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जाते ते सगळ्यात शेवटी. दोर ओढला, सुरू झाले, की झाले!

एकदा मावसभावाच्या होडीतून मी नदीच्या मुखाकडे गेलो होतो. ओहोटी लागलेली, समोर मोरजीच्या बाजूचा रेवेचा पट्टा. रेस कमी करायची वेळ आली आणि थ्रॉटलची मूठ फिरेना. भावाने दोन्ही हातांनी जोर लावला. मूठ फिरली, पण एकदम फिरली. इंजिन बंद पडले आणि प्रवाहाने होडी आडवी घेतली. वल्हे सोबत होते म्हणून निभावले. मूठ आठ दिवसांपासून जड होती, हे भावाने काठावर आल्यावर सांगितले!

तिथे बसलेले एक वयस्क पागी काका एवढेच म्हणाले, "जोर कित्याक लायता? पयलीं पळय खंय आडकलां तें."

मग त्यांनी काय केले ते सांगतो. इंजिन बंद, सुरक्षेची लाल दोरी काढलेली, प्लगच्या टोप्याही काढलेल्या. पहिल्यांदा त्यांनी मुठीजवळचा घर्षणाचा स्क्रू पाहिला. वेग एका जागी धरून ठेवायला तो आवळतात आणि मग विसरतात. तो सैल करूनही फरक पडला नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. बऱ्याच इंजिनांत न्यूट्रलमध्ये मूठ मुद्दामच पूर्ण फिरू दिलेली नसते. तो बिघाड नव्हे. म्हणून पंखा हाताने हलवत गिअर टाकून मूठ पुन्हा तपासली. तरीही जडच.

नंतर त्यांनी इंजिनाच्या बाजूचे केबलचे टोक सोडवले आणि तिथला दांडा बोटाने हलवला. तो हलका फिरला, सोडल्यावर आपोआप मागे आला. म्हणजे कार्बुरेटर आणि त्याचे सांधे निर्दोष. दांडाच जड असता तर तिथले मीठ पुसून, पाण्याने धुऊन न जाणारे मरीन ग्रीस लावायचे. आमचा दोष राहिला तो मूठ आणि केबल यांच्यामध्ये. केबलला एका ठिकाणी तीव्र वळण होते, आवरण चिरले होते, त्यातून खारे पाणी आत गेले होते आणि तार गंजली होती.

भाऊ म्हणाला, "तेल सोडूया." काका म्हणाले, आजचा दिवस जाईल, पण तार आत कुजतच राहील. नवी केबल आणली, तेवढ्याच लांबीची. मुठीच्या आतले सुकलेले ग्रीस पुसून नवे लावले. शेवटी हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहिले. वळताना केबल ताणली जाऊन रेस आपोआप वाढू नये, म्हणून. स्क्रूही अगदी मोकळा ठेवला नाही, नाहीतर कंपनांनी वेग सरकत राहतो.

आता माझे म्हणणे. संस्कृती म्हटले की आपण गोंयकार नाटक, भजन, जत्रा आणि भाषेचा वाद यांवर तासन् तास बोलतो. बोलावेच. पण वल्ह्याच्या जागी इंजिन आले तेव्हा वल्ह्याबरोबर येणारी राखण आपण सोडून दिली. लाकूड कुठे वाजते हे ज्यांच्या आजोबांना कानाने कळत होते, त्यांची नातवंडे जड मुठीला आठ दिवस शिव्या देतात आणि जोर लावतात. "मिस्त्री आहे ना!" असे म्हणतात. मिस्त्री हवाच, पण तो रेवेच्या पट्ट्यावर तुमच्यासोबत नसतो.

थ्रॉटल एका दिवसात जड होत नाही. ते आधी सांगत असते. रोज घरी परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुणे आणि मूठ एकदा इकडे-तिकडे फिरवून बघणे, एवढे तरी ऐकायला शिकूया. यंदा समुद्राला नारळ देण्याआधी पाच मिनिटे त्या मुठीला द्या. दर्याला मान देण्याचाच तो एक प्रकार आहे.