सहलीचा गृहपाठ

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. सूचनाफलकावर पत्रक लागते, वर्गणी गोळा होऊ लागते, आणि खिडकीची जागा कोणाची यावरून वाद सुरू होतात. त्याच सुमारास आणखी एक कागद तुमच्या दप्तरातून घरी जातो. सहलीत काही बरेवाईट घडले तर शाळा जबाबदार राहणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. वडील किंवा आई सही करतात, कागद फाइलीत जातो, आणि सुरक्षिततेची तयारी झाली असे सर्वच जण मानून चालतात.

विद्यार्थी मित्रांनो, सहलीच्या साऱ्या तयारीत इतका निरुपयोगी कागद दुसरा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने बुडणारा तरंगत नाही, की घाटातली बस थांबत नाही. त्याच कागदावर मुलाला दमा आहे का, कोणते औषध चालत नाही, पोहता येते का, एवढे तीन प्रश्न विचारले असते तर त्याचा काही उपयोग तरी झाला असता.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी दुपारी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी, वरच्या लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याबरोबर वाहून गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका दगावल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती.

अशी बातमी आली की दोन सूर निघतात. एक म्हणतो, सहलीच बंद करा. दुसरा म्हणतो, नशिबात होते ते झाले. मला दोन्ही मान्य नाहीत. काळ्या कातळाचे थर पुस्तकातल्या चित्रात पाहणे वेगळे आणि गडाच्या कड्याखाली उभे राहून मोजणे वेगळे. सहली बंद केल्या तर मुले समुद्रावर जायची थांबणार नाहीत. ती शिक्षकांवाचून जातील, एवढेच. आणि नशिबाचे म्हणाल, तर वरच्या तिन्ही ठिकाणी पाण्याला ठरावीक नियम होते. ते आधी कळण्यासारखे होते.

येथे दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. समुद्र हा धोका आहे. तो कोणी काढून टाकू शकत नाही. जोखीम मात्र आपण त्या धोक्याजवळ कधी, किती जण आणि कशा तयारीने जातो यावर अवलंबून असते. धोका तोच ठेवून जोखीम दसपट वाढवता येते किंवा नगण्य करता येते. सहलीची आखणी म्हणजे हे गणित, आणि ते करायला तुम्हांला नववीपर्यंतचे ज्ञान पुरेसे आहे.

कोकणातल्या कोळ्यांचा हिशेब घ्या. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अमावास्येलाही तेच, आणि प्रतिपदेला पुन्हा एकापासून मोजायचे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज साधारण तितकीच पुढे सरकते. कोळ्यांनी त्याचा सोयीचा पाऊण तास केला. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हा आडाखा तासाभराच्या मागेपुढे जुळतो. नेमक्या वेळेसाठी बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे लागते.

भरतीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. खलाशी त्याचे बारा भाग करतात: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोनच तासांत येते. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. त्याचे निम्मे म्हणजे दोन मीटर, तुमच्यातल्या सर्वांत उंच मुलाच्या डोक्यावरून. ओहोटीच्या वेळी दूरवर चालत गेलेल्या मुलाला पहिल्या तासात काही जाणवतही नाही. मग परतीच्या वाटेवर, मघाशी कोरड्या असलेल्या खळग्यात गळ्याइतके पाणी लागते.

आता पंचांग उघडून १ फेब्रुवारी २०१६ ची तिथी पाहा. पौष कृष्ण अष्टमी. कोळ्यांच्या हिशेबाने ओहोटी बाराच्या सुमारास, आणि त्यानंतर दुपारभर पाणी चढते. दिवस उधाणाचा नव्हे, भांगाचा. समुद्र तुलनेने सौम्य असायचा दिवस. दुर्घटनेचे कारण मी इथे बसून ठरवीत नाही. पण सहलीची तारीख ठरते त्याच क्षणी पाण्याचे वेळापत्रकही ठरलेले असते, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून ते काढायला पाच मिनिटे लागतात. किती शाळांत ती पाच मिनिटे दिली जातात?

भरतीखेरीज किनाऱ्यावर दुसरा एक प्रकार असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत खेचले जाते. गंमत अशी की तिथे लाटा कमी फुटतात, त्यामुळे तीच जागा शांत वाटते आणि न पोहणारे नेमके तिथेच उतरतात. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. श्वासासाठीच त्याचे तोंड पुरत नाही. म्हणून पाण्याकडे सतत पाहणारा एक मोठा माणूस काठावर हवा, आणि त्याच्या हातात दोर व झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा डबा हवा. मित्राला वाचवायला उडी घेणारा दुसरा मुलगाही बऱ्याचदा परत येत नाही. दोर फेकणारा येतो.

पाण्याविषयी इतके लिहिले म्हणून रस्त्याला विसरू नका. मुक्कामाचा खर्च वाचावा म्हणून रात्री दहाला बस सोडायची आणि उजाडता ठिकाणावर पोचायचे, ही आपल्याकडची लाडकी योजना. पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाच्या शरीराची झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते; चालक कितीही अनुभवी असला तरी त्याचा मेंदू या नियमाला अपवाद नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे तुम्ही गतिज ऊर्जेच्या धड्यात शिकलात. एक ठिकाण कमी पाहा, पण रात्री प्रवास करू नका. सहा दिवसांत अकरा ठिकाणे पाहून कोणाला काय आठवते, हा प्रश्न निराळाच.

गडावर आणि लेण्यांत आग्या मोहोळाखाली धूर किंवा दंगा करू नये, हे तुम्हांला ठाऊक असेल. मोजणीबद्दल मात्र थोडे सांगतो. पंचेचाळीस मुले शिक्षकांनी एकट्याने मोजली तर चूक होतेच; मुले हलत असतात. त्याऐवजी आधीच जोड्या लावाव्यात आणि बसमध्ये चढताना प्रत्येकाने फक्त आपला जोडीदार आहे की नाही एवढेच सांगावे. मोजणी एकाच्या डोळ्यांवर न राहता पंचेचाळीस जणांवर वाटली जाते.

आता सर्वांत अवघड गोष्ट. इंग्लंडमध्ये २२ मार्च १९९३ रोजी लाइम उपसागरात लहान होड्या वल्हवायला गेलेल्या आठ विद्यार्थ्यांपैकी चौघे मृत्युमुखी पडले. ठरलेल्या वेळी ते पलीकडच्या किनाऱ्यावर पोचले नाहीत, तरी तटरक्षकांना कळवायला काही तास गेले. चौकशीत असे निघाले की ही सहल चालविणाऱ्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी नोकरी सोडल्यावर, सुरक्षिततेच्या त्रुटींबद्दल व्यवस्थापकांना पत्र लिहून आधीच सावध केले होते. त्या व्यवस्थापकाला शिक्षा झाली, आणि १९९५ साली ब्रिटनमध्ये अशा केंद्रांसाठी वेगळा कायदा झाला. धोका कोणाला दिसलाच नव्हता, असे नव्हे. ज्यांना दिसला त्यांचे ऐकले गेले नाही.

आपल्या सहलींत हे अधिकच खरे आहे. "सर, पाणी वाढते आहे" असे आठवीतली मुलगी म्हणाली तर बाकीचे तिला भित्री ठरवतात, आणि सरांनाही वाटते, शंभर कोस आलो ते काय परत फिरायला? म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की परत फिरण्याची अट निघण्यापूर्वीच, वर्गात, सर्वांसमक्ष ठरवावी. पाणी गुडघ्याच्या वर नाही. चार वाजता गड उतरायला सुरुवात, माथा गाठलेला असो वा नसो. होडीवाल्याकडे प्रत्येकासाठी जाकीट नसेल तर होडी नाही. आधी ठरलेली अट मोडायला कोणालाच धीर होत नाही. जागेवर घेतलेला निर्णय मात्र चाळीस उत्साही मुलांपुढे टिकत नाही. शक्य असल्यास एका शिक्षकांनी आधी जागा पाहून यावी, जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे ते घड्याळ लावून मोजावे आणि स्थानिक कोळी किंवा गुराखी काय सांगतो ते लिहून आणावे.

बाकीचे काम तुमचे. यंदाच्या सहलीची तारीख कळली की तिथी पाहा, पाऊणपट करा आणि आलेली वेळ कोष्टकाशी ताडून फळ्यावर लिहा. फरक किती मिनिटांचा आला, तेही लिहा.