आटलेली नदी आणि बदललेले ताट

वाचकहो, ‘आदिवासींना शहरी खाणे सोसत नाही’ असे विधान आपण कचेरीत, प्रवासात, क्वचित सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकतो. ते सहानुभूतीचे वाटते खरे; परंतु त्यात रोगाचा सारा दोष रोग्याच्या शरीरावर आणि जिभेवर टाकलेला असतो. या दृष्टीने अमेरिकेतील एका जमातीची हकीकत मननीय आहे.

अरिझोना राज्याच्या वाळवंटी भागात हीला नदीकाठी अकिमेल ओओडाम लोक राहतात. या नावाचा अर्थच ‘नदीचे लोक’ असा आहे. बाहेरच्यांनी त्यांना ‘पिमा’ म्हटले व तेच नाव रूढ झाले. नदीचे पाणी पाटांनी शेतात खेळवून ते मका, भोपळा आणि टेपरी नावाचे घेवड्याच्या कुळातील कडधान्य पिकवीत. नदीतून मासे मिळत. रानातून निवडुंगाच्या कळ्या व फळे आणि मेस्किटच्या शेंगा येत. मेस्किट हा आपल्याकडील वेड्या बाभळीचा आप्तच होय. त्याच्या शेंगा कुटून गोडसर पीठ करीत. टेपरी आणि हे पीठ सावकाश पचते, त्यामुळे रक्तातील साखर एकाएकी चढत नाही. शिवाय हे अन्न मिळवायचे म्हणजे पाट खणणे, पेरणे, रान तुडविणे असे कष्ट रोजचेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी पाणी आपल्याकडे वळविले. शतक सरता सरता पिमांचे पाट कोरडे पडले आणि जे लोक पूर्वी वाटसरूंना व सैन्याला गहू विकीत, त्यांच्यावरच उपासमारीची पाळी आली. पुढे कूलिज धरण पुरे झाले, तरी त्यांची तूट भरून निघाली नाही. मजुरी आणि सरकारी शिधा यांवर संसार चालू लागला. शिध्यात मैदा, साखर, डुकराची चरबी आणि डबाबंद जिन्नस असत. मैद्याची पोळी चरबीत तळून केलेला ‘फ्राय ब्रेड’ घरोघरी शिरला. आज पुष्कळ लोक त्याला परंपरागत पक्वान्न समजतात. वस्तुतः तो टंचाईचे अपत्य आहे.

परिणाम काय झाला? १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या जमातीत मधुमेहाचा केवळ एक रुग्ण नोंदलेला आढळतो. १९६५ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तेथे संशोधन सुरू केले, तेव्हा पस्तिशीपुढील जवळजवळ निम्म्या माणसांना हा रोग असल्याचे दिसून आले.

हा दोष रक्ताचाच, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मेक्सिकोतील डोंगराळ मायकोबा गावात मिळते. तेथे पिमांचेच भाऊबंद राहतात. ते मका आणि घेवडा खातात व हाताने शेती करतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अरिझोनाच्या पिमांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा ३८, तर मायकोबाच्या पिमांत शेकडा ६.९ आढळले. मायकोबातीलच इतर शेजाऱ्यांत ते शेकडा २.६ होते. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण एकाच वंशाच्या दोन शाखांतील ही तफावत राहणीने घडविलेली आहे, आणि ही राहणी अरिझोनाच्या पिमांनी हौसेने पत्करलेली नव्हती.

२००४ साली अमेरिकेत झालेल्या कायद्याने त्यांचा पाण्यावरील हक्क मान्य झाला. काही शेतकरी टेपरी पुन्हा पिकवीत आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचा रोग एका कायद्याने हटत नाही. तथापि उपाय कोठून सुरू व्हावा, हे त्यातून कळते.

हा बोध आपल्या देशालाही लागू पडतो. कोदो, कुटकी, नाचणी ही आपल्या डोंगरकपारीतील लोकांची धान्ये. त्यांना आपण ‘हलकी’ म्हटले आणि पांढराशुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा मानला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोह, कंदमुळे अशा गौण वनोपजावर वनवासी कुटुंबांचा हक्क मान्य केला आणि भारताच्या पुढाकाराने २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले. ही पावले स्वागतार्ह होत. परंतु शिध्यात धान्य देणे आणि ते पिकविणारी जमीन, पाणी व रान हाती ठेवणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीने आजची भूक भागते. दुसरीवाचून उद्याचे आरोग्य टिकत नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या मुलांसमोर कोणाच्या भाकरीला ‘गरिबांचे खाणे’ म्हणून नाक मुरडू नये. आपण ज्याला हिणवतो, ते अन्न खाणाऱ्यालाही लाजिरवाणे वाटू लागते, आणि मग नदी वाहती असूनही ताट बदलते.